कवडूच्या शेजारची जागा

"मांगं सरक वं, डोळ्यात उडन चुना," आई म्हणाली आणि स्वतः मात्र कबरीवर अशी ओणवी झाली की तिचा पदर बादलीत बुडाला.

बहात्तर सालची गोष्ट. ईस्टरच्या आदल्या शनिवारी आमच्या ख्रिस्ती मंडळीचं कबरस्तान लग्नघरासारखं गजबजतं. दुसऱ्या दिवशी पहाटेची उपासना तिथेच, कबरींच्या मधोमध होते, म्हणून जो तो आपल्या माणसांच्या कबरी धुतो, गवत उपटतो, चुना लावतो. पोरं पाण्याच्या बादल्या सांडतात आणि बाया एकमेकींच्या कबरींना नावं ठेवतात. त्या सगळ्या बायांमध्ये माझी आई, रुख्माबाई, एकटीच ख्रिस्ती नव्हती. पण तिच्यासारखा चुना कुणाचा बसायचा नाही. दोन दिवस आधी चुन्याची कळी भिजत घालायची, त्यात डिंकाचं पाणी, चिमूटभर नीळ. मंडळीच्या पंचांपैकी भैयाजी दरवर्षी आमच्यापाशी थांबून विचारायचे, "काय घालता हो यात?" आई हसायची, पण सांगायची नाही.

कबर माझ्या धाकट्या भावाची, कवडूची. क्रुसावर नाव मात्र 'शमुवेल' आहे. आईला वाचता येत नव्हतं. चुना लावून झाला की ती त्या अक्षरांवरून बोट फिरवायची आणि विचारायची, "कवडूच लिवलं ना वं?"

"शमुवेल लिवलं हाये, माय."

दरवर्षी ती हेच विचारायची आणि दरवर्षी मी हेच सांगायचे. 'हव' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मी तशीच होते. वीस वर्षांची होते, मिशनच्या दवाखान्यात नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते, रविवारच्या शब्बाथ शाळेत पोरांना शिकवत होते, आणि मला सगळं कळत होतं.

त्या दिवशी आईने ब्रश बादलीत टाकला आणि कबरस्तानाच्या राखणदाराला हाक मारली. "शालिकराम, हे बाजूची जागा कोनाची हाये गा?"

"कोनाचीच नाही, बाई. रिकामी हाये."

"मंग माही."

शालिकराम हसला. मग आई हसत नाही हे बघून गप्प झाला. "मंडळीच्या लोकायलेच भेटते ना बाई ते. तुमचं तं..."

आईने माझ्याकडे पाहिलं. "मंडळीत जाले का करा लागते?"

आठच दिवसांपूर्वी आमच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटातली गाठ चाचपून पाहिली होती आणि मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं होतं, "प्रेमलता, पावसाळा निघाला तरी खूप." मी आईला काही सांगितलं नव्हतं. तिनेही विचारलं नव्हतं. आणि आता ती जागा बघत होती.

आम्ही कोष्टी. पाचपावलीकडच्या आमच्या गल्लीत तेव्हा दिवस उजाडायचा तोच मागांच्या खटखटाटाने. माझे बाबा, ईश्वरदास, लुगडी विणायचे आणि आई सुताच्या कांड्या भरायची. बाबांना छातीचा रोग झाला, मिशनच्या दवाखान्यात वर्षभर पडून होते, बरे झाले, आणि घरी आले ते प्रभूचं नाव घेतच. त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी दहा वर्षांची आणि कवडू सहाचा. आमचाही झाला. आई मात्र नाही म्हणाली. "घरात एकानं तं जुन्यायजवळ राहाले पायजे. सगळेच गेले तं त्यायले कसं वाटन?" जुने म्हणजे देव्हाऱ्यातले टाक. बाबांनी जबरदस्ती केली नाही. ते तसे माणूसच नव्हते.

कवडूचं नाव कवडू का, ते सांगायला हवं. त्याच्या आधीचे दोन मुलगे आईने बारशाच्या आतच गमावले होते. तिसरा झाला तेव्हा तिने त्याला सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवलं, आणि शेजारच्या रंभाबाईने एक कवडी देऊन तो विकत घेतला. आमच्याकडे असं करतात. मूल दुसऱ्याचं झालं की यमाला त्याचा पत्ता लागत नाही. मग रंभाबाईने तो आईकडे सांभाळायला दिला. ती कवडी काळ्या दोऱ्यात ओवून त्याच्या गळ्यात होती, बाप्तिस्म्याच्या सकाळपर्यंत. पाळकसाहेबांनी दोरा कापला, कवडी आईच्या हातावर ठेवली, आणि म्हणाले की आजपासून हा प्रभूचा. नावही त्यांनी मुद्दाम निवडलं होतं. बायबलातल्या त्या शमुवेलालाही त्याच्या आईने देवाला देऊन टाकलं होतं.

त्यानंतर पाच वर्षांनी कवडू विषमज्वराने गेला. अकरा वर्षांचा होता. महाखोटारडा पोरगा. भाकरी चोरून कुत्र्याला घालायचा आणि माझं नाव सांगायचा. शाळा बुडवून काटोलच्या बसच्या मागे लटकायचा, खिशात संत्री घेऊन यायचा आणि म्हणायचा मास्तरांनी दिली. आणि आई ते सगळं खरं मानून संत्रं सोलायला बसायची. तो गेला त्याच्या पुढच्या वर्षी बाबाही गेले. बाबांची कबर जुन्या भागात आहे, तिथे आजूबाजूला जागा नाही. मी एकदा म्हटलं होतं, "बाबाच्या जवळ जाले नाही पाह्यत तू?" तर आई म्हणाली, "तुहा बाप मोठा मानूस हाये, त्याले काही लागत नाही. कवडूले एकट्याले भेव लागते."

त्या ईस्टरच्या संध्याकाळीच आई म्हणाली, "मले बी घेऊन टाक वं तुह्या मंडळीत. का शिकाचं ते शिकव."

मला रडूच कोसळलं. दहा वर्षं रोज गुडघे टेकून हेच तर मागत होते मी! धावत पाळकसाहेबांकडे गेले. ते नगरकडचे, मोठे शांत गृहस्थ. म्हणाले, "आनंद आहे. तुम्हीच शिकवा. आणि पंचांपुढे तुम्हीच त्यांच्या साक्षीदार." आमच्या मंडळीची ही रीतच होती. मोठ्या माणसाचा बाप्तिस्मा असला की ज्याने शिकवलं त्याने पंचांसमोर उभं राहून सांगायचं की हो, यांचा विश्वास खरा आहे, मी जवळून पाहिला आहे.

दीड महिना शिकवलं. ड्यूटी संपली की यायचे, आई चरख्यावर बसलेली असायची, एका हाताने चाक फिरवायची, दुसऱ्याने कांडीवर सूत धरायची. प्रभूची प्रार्थना तिने चरख्याच्या ठेक्यावर पाठ केली. अजूनही मी ती म्हणते तेव्हा मधे मधे चाक थांबल्यासारखी थांबते. दहा आज्ञा शिकताना मात्र तिची करमणूक व्हायची. शेजाऱ्याच्या बैलाचा लोभ धरू नये हे ऐकून म्हणाली, "रंभाबाईजवळ बैल कुठं हाये? एक बकरी हाये, तेही लाथा मारते." देव्हाऱ्यातले टाक तिने स्वतःहून फडक्यात बांधले आणि उमरेडहून नत्थूमामाला बोलावून त्याच्या ओंजळीत दिले. मामा रडला. आई रडली नाही. "नीट ठेव गा त्यायले," एवढंच म्हणाली.

आणि मग एक दिवस तिचा पदर धुताना मला गाठ लागली. सोडून पाहिली तर कवडी.

"माय, हे का हाये?"

"ठेव ते."

"अवं पन हे आता चालत नाही. टाक दिले ना तू? मंग हे काहून ठेवलं?"

"टाक देव होते, म्हून दिले," आई म्हणाली. "हे का देव हाये? हे सौदा हाये. मायात आन् रंभाबाईत."

"पन ज्याच्यासाठी सौदा केला तो तं..."

"मेला म्हून का सौदा मोडते?" तिने कवडी घेतली, पदरात बांधली, गाठ दातांनी आवळली.

मला राग आला. खरं सांगते, भयंकर राग आला. मी विचारलं, "तुहा ईश्वास तरी हाये का देवावर? का फक्त जागेसाठी करून राहिली हे सगळं?"

आईने चाक थांबवलं. ती कधी उगीच उत्तर द्यायची नाही. "तुहा देव चांगला असन वं. पन माही त्याची वळख नाही. तू म्हंतं कवडू त्याच्यापाशी हाये. हाये ना?"

"हाये."

"मंग मले तठी जाचं हाये. याले ईश्वास म्हनत असन तं हाये. नाही म्हनत असन तं नाही."

आज ते आठवलं की वाटतं, बाई गं, यापेक्षा जास्त विश्वास मंडळीत कुणाजवळ होता? भैयाजींजवळ होता? माझ्याजवळ तरी होता? पण तेव्हा मी रात्रपाळीच्या नोंदीत लिहितात तसं मनात लिहून ठेवलं: विश्वास अपुरा.

पंचांची बैठक मे महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी होती, देवळाच्या बाजूच्या खोलीत. बाहेर गरम वाऱ्याची लू थांबली होती, पण भिंती अजून तापलेल्या होत्या. आईने घडीचं लुगडं नेसलं होतं, तिच्या स्वतःच्या कांड्यांतलं, बाबांच्या हातचं. वाटेत ती एकदाच बोलली. "मी बरोबर सांगतो सगळं. तुले इचारलं तं हव म्हन. जास्त बोलू नको."

टेबलामागे पाळकसाहेब, भैयाजी आणि चंपतराव नावाचे दुसरे पंच. आई खुर्चीवर बसली नाही, उभी राहिली, म्हणून मीही उभी राहिले. पाळकसाहेबांनी विचारलं आणि आईने सांगितलं. प्रार्थना एका दमात म्हटली. आज्ञा दहाच्या दहा, बैलासकट. चंपतराव तर खूश होऊन म्हणाले, "आमच्या पोरायले एवढं येत नाही, साहेब."

"घरात देव?" भैयाजींनी विचारलं.

"भावाले दिले."

"सगळे?"

"सगळे."

भैयाजींनी चष्मा पुसला. ते वाईट माणूस नव्हते. गेल्या साली एका कुटुंबाने बाप्तिस्मा घेतला होता आणि दिवाळीला पुन्हा देव मांडले होते, त्यावरून मंडळीत बरीच बोलाचाली झाली होती. त्यांना पुन्हा तसं नको होतं. ते माझ्याकडे वळले. "प्रेमलताबाई, तुम्ही साक्षीदार. यांच्याजवळ जुन्या समजुतीची एखादी वस्तू, गंडा, ताईत, काही उरलं आहे का?"

आईचा उजवा हात पदराच्या गाठीवर गेला. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. नुसता हात ठेवला.

मी शब्बाथ शाळेत त्याच महिन्यात नववी आज्ञा शिकवली होती, खोट्या साक्षीची. वीस पोरांना उभं करून म्हणायला लावली होती. 'नाही' हा एवढासा शब्द. म्हटला असता तर पुढच्या रविवारी पाणी पडलं असतं तिच्या डोक्यावर.

"पदराला कवडी आहे," मी म्हणाले.

मग पाळकसाहेब पुढे झुकले, अगदी हळू आवाजात म्हणाले, "रुख्माबाई, ती इथे टेबलावर ठेवा. एवढंच. येत्या रविवारीच बाप्तिस्मा देतो मी तुम्हांला."

आईने गाठ सोडली. मला वाटलं, सुटलो. तिने कवडी तळहातावर घेतली, उलटी करून पाहिली, आणि पुन्हा पदरात ठेवून गाठ मारली.

"सायेब, एक डाव सोडली होती म्या," ती म्हणाली. "तुमीच त्याच्या गळ्यातली काढून मायाजवळ देल्ली होती. आता नाही सोडत."

पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. त्यांना कवडूचं ध्यानात आलं असावं. ते काही तरी बोलू पाहत होते, पण भैयाजी म्हणाले, "मग थांबू या. घाई कशाला? पुढच्या ईस्टरला पाहू." पुढचा ईस्टर! मला तोंड उघडून सांगायचं होतं की हिला पुढचा ईस्टर नाही. पण आई शेजारी उभी होती, आणि तिला मी सांगितलं नव्हतं.

बाहेर आलो तेव्हा मला आधी हलकं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं. परीक्षेत पास झाल्यासारखं. ते फार तर गल्लीच्या तोंडापर्यंत टिकलं.

आई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. घरी येऊन तिने चूल पेटवली, माझ्यासाठी ज्वारीची भाकर टाकली, ठेचा काढला. मी जेवत होते, ती समोर बसली होती.

"तू खरं बोलली," ती म्हणाली.

मी भाकरीचा तुकडा मोडला.

"कवडू असता तं खोटं बोलला असता."

मी हातातला तुकडा ताटात ठेवला. तिने पाण्याचा गडवा पुढे सरकवला.

त्यानंतर मी दोनदा पाळकसाहेबांकडे गेले. दुसऱ्यांदा त्यांना डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं. ते उठून माझ्याबरोबर घरी आले, आईच्या खाटेजवळ बसले. म्हणाले, पंचांचं मी बघतो, कवडी राहू द्या, तुम्ही फक्त 'हो' म्हणा. एवढा मोठा माणूस आमच्या खाटेशी बसून विनंती करत होता! आई तोपर्यंत नुसती हाडं उरली होती. तिने त्यांना सलाम केला आणि म्हणाली, "आता नाही, सायेब. आता तुमी दया करून राहिले. पोरीनं मांगं खरं सांगतलं, ते खरंच राहू द्या."

पोळ्याच्या आदल्या दिवशी ती गेली. नत्थूमामा उमरेडहून आला, गल्लीतली माणसं जमली. आंघोळ घालताना रंभाबाईने पदराची गाठ सोडली, कवडी पाहिली आणि ओळखली. सोळा वर्षांपूर्वी तिनेच दिलेली. तिने ती माझ्या मुठीत दाबली आणि मूठ मिटली. "तूच ठेव वं. मी आता कोनाले परत करू?" मग आईला दहनघाटावर नेलं. तिथे बायांनी जायचं नाही. मी दारात उभी राहिले. मंडळीतून चंपतराव तेवढे आले होते, टोपी हातात घेऊन मागे मागे चालत गेले.

पुढच्या ईस्टरच्या आदल्या शनिवारी मी एकटी कबरस्तानात गेले. दोन दिवस आधी कळी भिजत घातली होती, डिंक घातला होता, नीळ घातली होती. तरी आईसारखा चुना झाला नव्हता, गुठळ्या राहिल्या होत्या. कवडूची कबर धुतली, हात फिरवून अक्षरं मोकळी केली, चुन्याचा पहिला हात दिला.

शेजारची जागा अजून रिकामीच होती. चार कोपऱ्यांना शेवाळलेल्या चार विटा आणि थोडं सुकलेलं गवत. मी खाली बसले. खुरप्याने वीतभर उकरलं, पोलक्यातून कवडी काढली आणि तिथे ठेवली. ठेवताना प्रार्थना करावीशी वाटली, पण कुठली करायची ते सुचेना. माती लोटली आणि हाताने थापटली.

मान वर केली तर शालिकराम पाण्याचा पिपा घेऊन उभा. मागे चार कबरी सोडून भैयाजी आपल्या वडिलांच्या कबरीवरचं गवत काढत होते, तेही इकडेच बघत होते.

"काय पुरून राहिल्या, सिस्टर?" शालिकरामने विचारलं.

मी त्याच्या डोळ्यात बघून म्हणाले, "काही नाही. मोगऱ्याची फांदी लावली."

एकवीस वर्षांची झाले होते तेव्हा. ते माझं पहिलं धडधडीत खोटं. जीभ जराही अडखळली नाही.

शालिकरामने थापटलेल्या मातीकडे पाहिलं. तिथे फांदी नव्हती, पानही नव्हतं. त्याने भैयाजींकडे एकदा नजर टाकली, मग पिपा वाकवून त्या मातीवर हळूहळू पाणी ओतलं.

"पानी लागते मोगऱ्याले," तो मोठ्याने म्हणाला. "मी टाकत जाईन रोज."

तो गेल्यावर मी बादली ओढली आणि उरलेला चुना त्या चार विटांना लावला.